कीबोर्ड कुणाच्या हातात? मुलींच्या तंत्रज्ञान-वर्गाचं एक प्रकरण

सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या एका तरुणीनं मुलींसाठी सुरू केलेल्या वर्गाचं हे प्रकरण आहे. नावं, ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मुली तिला ताई म्हणत, म्हणून इथेही ती ताईच. मी दीड वर्ष तिची मदतनीस होते. त्यामुळे हे लिखाण तटस्थ आहे असा माझा दावा नाही, आणि यातल्या दोन-तीन चुका माझ्या खात्यावर जमा आहेत.

पार्श्वभूमी

ताईची सुरुवात भाषणांनी झाली. नोकरीचं तिसरं वर्ष चालू होतं, अकरा जणांच्या गटात ती एकटी बाई होती आणि हे असं का, याचा तिला मनापासून राग यायचा. सुट्टीच्या दिवशी ती शाळांमध्ये जाऊन तासभर बोलायची. बोलायची छान. ब्रिटिश गणितज्ञ एडा लवलेसनं १८४३ मध्ये, चार्ल्स बॅबेजनं आखलेलं गणनयंत्र अजून बांधूनही झालेलं नसताना, त्याच्यासाठी आकडेमोडीची पद्धत टप्प्याटप्प्यानं कशी लिहून ठेवली. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक संगणकाचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं आणि त्याच्या सोहळ्यात त्यांची नावंही कुणी कशी घेतली नाहीत. अमेरिकी संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरनं माणसांच्या शब्दांत संगणकाला सूचना देता याव्यात म्हणून काय काय केलं, हे सगळं ती रंगवून सांगायची.

शेवटी एक आलेख असायचा. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांमध्ये मुलींचं प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. पुढच्या पंचवीस वर्षांत ते निम्म्यावर आलं. यामागचं एक कारण ताई नेहमी सांगायची. घरगुती संगणक बाजारात आले ते मुलग्यांची वस्तू म्हणून, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात मुलगे आधीच हात बसलेले येऊ लागले. शिक्षकांना ती सवय दिसत नसे, हुशारी दिसत असे. मुलींना वाटे, आपल्याला हे जमण्यातलं नाही. हा आलेख तिनं किमान डझनभर वेळा दाखवला असेल. हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे तो तिच्याच अंगावर उलटला.

एका शाळेत टाळ्या वगैरे झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "ताई, मग आता उद्या काय करायचं?" ताईकडे उत्तर नव्हतं. प्रेरणा देऊन झाली होती, पण दुसऱ्या दिवशी हातात धरायला काहीच नव्हतं. त्यातून वर्ग निघाला.

एका वाचनालयाचा हॉल मिळाला. आठवड्यातून एकदा, दोन तास. तेरा ते पंधरा वयाची बावीस मुलं, त्यात मुली तेरा आणि मुलगे नऊ. अकरा जुने लॅपटॉप, म्हणजे दोघांत एक. पहिले दोन आठवडे स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा, आणि मग मायक्रोबिट. मायक्रोबिट म्हणजे तळहाताहूनही लहान असा सर्किटचा तुकडा. त्यावर पाच ओळींत पाच-पाच असे पंचवीस दिवे, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा संवेदक असतो. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये तो शाळकरी मुलांना फुकट वाटला गेला, तेव्हापासून जगभर शिकवण्यासाठी वापरतात.

वर्ग मुलामुलींचा एकत्र ठेवायचा हे ताईनं फारसा विचार न करता ठरवलं. "वेगळं काढलं की कमी लेखल्यासारखं होतं," एवढंच तिचं म्हणणं. मला ते पटलं होतं.

अडचण

पाचव्या आठवड्यात हजेरी घेतली तेव्हा मुली पाच होत्या आणि मुलगे आठ. मुलींसाठी काढलेल्या वर्गात मुलगेच जास्त.

आमची पहिली प्रतिक्रिया आता आठवली तरी ओशाळायला होतं. आम्ही ठरवलं की मुलींची गोडी कमी पडते आहे, म्हणजे प्रेरणा वाढवली पाहिजे. ताईनं ओळखीतल्या एका अनुभवी अभियंता बाईंना बोलावलं. त्या चांगलं बोलल्या. पुढच्या आठवड्यात मुली चार झाल्या. यात तीन आठवडे गेले.

मग ताईनं सोडून गेलेल्या मुलींना एकेक करून फोन करायला घेतले. आधी सगळ्यांचं एकच उत्तर: वेळ मिळत नाही, अभ्यास आहे. ते खोटं नव्हतं, पण अभ्यास मुलग्यांनाही होताच. सातव्या की आठव्या फोनवर एक मुलगी थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "ताई, माझा पावलं मोजणारा चालू झाला ना, त्या दिवसानंतर मला यावंसं वाटलं नाही."

हा प्रसंग आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत घडला होता. तो नीट सांगितला पाहिजे.

मायक्रोबिट पायाला बांधायचा आणि पावलं मोजायची, असं काम होतं. संवेदक हालचालीचा जोर आकड्यात सांगतो. बोर्ड टेबलावर शांत पडलेला असला तरी आकडा हजाराच्या आसपास असतो, कारण गुरुत्वाकर्षण कुठे जात नाही. पाऊल आपटलं की आकडा उसळतो. तर आकडा दीड हजाराच्या वर गेला की मोजणीत एक मिळवायचा, असा या मुलीचा प्रोग्रॅम होता. तो चालला, पण एका पावलाला दोन, कधी तीन, कधी चार मोजायला लागला. प्रोग्रॅम सेकंदात कितीतरी वेळा संवेदकाकडे बघतो आणि एकाच पावलाचा धक्का अनेकदा पकडतो, म्हणून असं होतं.

या मुलीनं काय केलं? ती हॉलमध्ये मोजून वीस पावलं चालली, आकडा वहीत लिहिला, पुन्हा चालली, पुन्हा लिहिला. तीन वेळा. मग म्हणाली, साधारण तिप्पट येतंय, तर उत्तराला तीननं भागते. ती भागाकार घालत होती तेवढ्यात शेजारचा मुलगा म्हणाला, "अगं, भागून काय होणार, थांबा टाक की मध्ये." त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, मोजणीनंतर ३०० मिलिसेकंदांचा थांबा टाकला, आणि वीस पावलांना वीस आकडा आला. ताईनं त्याच्या पाठीवर थाप मारली, "शाबास!" मीही हसले. मुलगीही हसली.

मुलगा दुष्ट नव्हता. त्याच्या घरी संगणक होता आणि वर्षभर तो असलीच कामं करत होता. त्याचं उत्तर बरोबर होतं. तिचं चूक होतं, पण काय सुंदर चूक! तिनं मोजमाप घेतलं होतं, तीनदा पडताळलं होतं, नमुना ओळखला होता. भागाकार घालून ती पळाली असती तर दहा मिनिटांत तिचं तिलाच कळलं असतं की पळताना तिप्पट येत नाही. ती दहा मिनिटं आम्ही तिच्याकडून काढून घेतली, आणि शाबासकी दिली ती ज्याला उत्तर आधीपासून माहीत होतं त्याला. ताईच्या आलेखातलं शेवटचं वाक्य आमच्याच हॉलमध्ये, आमच्याच हातून घडलं होतं.

ताईनं उरलेले फोन केले तेव्हा नेमकं विचारलं: तुमच्या जोडीत कीबोर्ड कुणाकडे असायचा? उत्तर बहुतेक सगळीकडे तेच आलं. एकीनं तर सांगितलं की ती चार आठवडे वहीत लिहून घ्यायचं काम करत होती, आणि तसंच करायचं असतं असा तिचा समज होता.

कोणते पर्याय होते

वर्ग बंद करून मुलींना ऑनलाइन अभ्यासक्रमाकडे वळवावं, हा पर्याय ताईनंच थकव्याच्या भरात मांडला. तो लवकर मागे पडला. हातात स्वतःचा संगणक नसलेल्या मुलीसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे पुन्हा भाषणच.

खरी ओढाताण तीन पर्यायांत होती. वर्ग फक्त मुलींचा करायचा. एकत्रच ठेवून नियम बदलायचे. किंवा मुलगा-मुलगी न बघता अनुभवाप्रमाणे दोन गट करायचे.

तिसऱ्याला भक्कम आधार होता. हार्वी मड या अमेरिकी कॉलेजनं २००६ च्या सुमारास पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग अनुभवी आणि नवशिके असा विभागला, शिकवायला जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेऐवजी नवशिक्यांना सोपी अशी पायथन भाषा घेतली, आणि आधी दहा टक्क्यांच्या आसपास असलेलं मुलींचं प्रमाण काही वर्षांत चाळीस टक्क्यांपर्यंत गेलं. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ मध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं, २००० मध्ये ४२ टक्के झालं. तिथल्या बदलांमध्ये प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला दिलेलं महत्त्व कमी करणं हाही एक होता. दोन्हीकडे मुलींना काही जास्तीचं शिकवून हे घडलं नाही. आधीपासून येणं आणि हुशार असणं यांची गाठ सोडवली, मग बाकीचं झालं. मला हाच पर्याय हवा होता.

ताईचा आक्षेप व्यावहारिक होता, आणि आज मला तो बरोबर वाटतो. आमच्याकडे अनुभवी गट केला असता तर त्यात सगळे मुलगे आणि नवशिक्या गटात सगळ्या मुली आल्या असत्या. नाव अनुभवाचं, पण दिसणार मात्र 'हुशार मुलगे आणि कच्च्या मुली'. विद्यापीठात शेकडो विद्यार्थी असतात, तिथे नवशिके मुलगेही भरपूर मिळतात. बावीस जणांत ते होत नाही.

फक्त मुलींच्या वर्गाला विरोध अनपेक्षित बाजूनं आला. एका मुलाचे वडील ताईला भेटायला आले. "माझ्या मुलानं काय घोडं मारलंय? तोही शिकायलाच येतो ना?" प्रश्न रास्त होता. ताईनं लगेच उत्तर दिलं नाही, आठवडा मागून घेतला.

काय केलं

शेवटी मिश्रण झालं. नवी तुकडी सुरू करताना पहिले आठ आठवडे मुलींचा वर्ग वेगळा, मुलग्यांचा वेगळ्या वेळी, आणि नवव्या आठवड्यापासून एकत्र. मुलग्यांचा वर्ग माझ्याकडे आला. त्या वडिलांना ताईनं हे सरळ सांगितलं: दोघांनाही तेवढाच वेळ, तेवढेच लॅपटॉप, आणि वेगळेपणाला शेवटची तारीख आहे. ते कुरकुरत का होईना, तयार झाले.

वर्गात दोन नियम आले. पंधरा मिनिटांनी घंटी वाजली की कीबोर्डची अदलाबदल, मग वाक्य अर्धं टाइप झालेलं असलं तरी. दुसरा नियम 'हात मागे': मदत करणाऱ्यानं हात पाठीमागे बांधायचे. बोलायचं, विचारायचं, पडद्याकडे नजरेनं खुणावायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. हा नियम ताईला आणि मलाही लागू होता. तो पाळणं सगळ्यात कठीण मलाच गेलं. कंस राहिलेला दिसतो आणि बोटं शिवशिवतात. मदत मागायला आलेल्या मुलीला आम्ही आधी दोनच प्रश्न विचारायचो: तुला काय व्हायला हवं होतं? आणि झालं काय?

हॉलच्या भिंतीही बदलल्या. खेळांच्या पात्रांची आणि अवकाशयानांची चित्रं आम्ही हौसेनं लावली होती. संगणकशास्त्राच्या खोलीत अशा ठरावीक साच्यातल्या वस्तू असल्या तर बायकांना तो विषय आपला वाटत नाही, आणि त्याच खोलीत साधी निसर्गचित्रं असली तर हा फरक कमी होतो, असं मानसशास्त्रज्ञ सप्ना चेरियन आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या प्रयोगांत दिसलं होतं. चित्रं काढायला दहा मिनिटं लागली.

कामं मुलींनी निवडायची असं ठरलं तेव्हा एका हितचिंतकानं सुचवलं की मुलींना आवडतील असे, चमचमत्या दागिन्यांचे वगैरे प्रकल्प ठेवा. ताईनं ठाम नकार दिला, आणि तिचा तो सगळ्यात चांगला निर्णय होता असं मला वाटतं. कुणी चमकतं कानातलं करायचं ठरवलं तर करू द्यावं, पण मुलींची आवड म्हणून आधीच साचा तयार ठेवायचा कशाला?

एकीनं भावाच्या छळातून सुटका म्हणून खणाची चोरघंटा केली. मायक्रोबिटचे दिवे उलट्या कामालाही लावता येतात, म्हणजे त्यांनी प्रकाशही मोजता येतो. बंद खणात आकडा शून्याजवळ, उघडला की वर. दुसऱ्या आठवड्यात ती वैतागून आली, कारण भावानं रात्री दिवा न लावता खण उघडला होता. तिनं प्रकाशाऐवजी हालचाल मोजायला सुरुवात केली, तर शेजारचा खण ओढला तरी घंटा वाजायला लागली. मग दोन्ही अटी जोडल्या, तर अंधारातली चोरी पुन्हा निसटली. शेवटी हालचालीचा उंबरठाच वाढवत वाढवत जुळवला. चार आठवडे ती हेच करत होती. वेळापत्रकाप्रमाणे तिनं दोन पुढचे धडे बुडवले. ताईनं बुडवू दिले.

प्रायोजकाचा प्रश्न

याच काळात एका कंपनीनं दहा नवे लॅपटॉप देऊ केले. अट एकच: एप्रिलच्या चौथ्या गुरुवारी मुलींसाठीचा आंतरराष्ट्रीय माहिती-तंत्रज्ञान दिन असतो, त्या दिवशी मोठा कार्यक्रम करायचा, मुलींनी मंचावर प्रकल्प दाखवायचे, फोटो काढायचे.

मी नको म्हणाले, ताई हो म्हणाली. लॅपटॉप दोघांत एकाऐवजी जवळजवळ प्रत्येकीला एक मिळणार होता, आणि कीबोर्डचं भांडण मुळातच मिटणार होतं. तिचा हिशेब चुकीचा नव्हता. पण कार्यक्रमासाठी चार आठवड्यांचे वर्ग तालमीत गेले. मंचावर नेण्यासाठी तीन मुली निवडल्या गेल्या, त्या अर्थातच चटचट बोलणाऱ्या. चोरघंटावाली अडखळत बोलते म्हणून तिला घेतलं नाही, आणि ती निवड मी केली होती. ज्या चुकीसाठी आम्ही सगळा वर्ग उलटापालटा केला होता, तीच मी नव्या कपड्यांत परत आणली: सफाई दिसली की तिला गुणवत्ता समजायचं. त्या मुलीनं वर्ग सोडला नाही, हे तिचं मोठेपण.

काय निष्पन्न झालं

दुसऱ्या तुकडीत चौदा मुली आल्या आणि अकरा शेवटपर्यंत टिकल्या. पहिल्या तुकडीशी तुलना केली तर हे छान दिसतं, पण नववा आठवडा सोपा गेला नाही.

एकत्र वर्गाच्या पहिल्याच दिवशी एका जोडीत मुलानं हात पुढे केला, मुलीनं "हात मागे" म्हटलं, तो ओशाळून हसला, काम पुढे चाललं. शेजारच्या जोडीत मात्र मुलीनंच लॅपटॉप सरकवून दिला. "तो पटकन करतो." आमचा नियम हिसकावून घेणाऱ्यासाठी होता. आपण होऊन सोडून देणारीला तो अडवत नव्हता.

दोन आठवडे यावर आमची वादावादी झाली. मग ताईच्या लक्षात आलं की फळ्यावर आम्हीच लिहीत होतो: 'आज पूर्ण करायचं काम'. तासात काम संपवायचं असेल तर ज्याचा हात जलद त्याला कीबोर्ड देणं हाच शहाणपणा आहे, आणि ती मुलगी शहाणीच होती. फळ्यावरची ओळ गेली. त्याऐवजी तासाच्या शेवटी प्रत्येकीनं, प्रत्येकानं आज काय बिघडलं आणि का, हे सांगायचं असं ठरलं. लॅपटॉप सरकवणं बंद झालं नाही, कमी झालं.

पावलं मोजणारी मुलगी परत आली नाही. ताईनं तिला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारणं बरं दिसलं नसतं.

आज पुन्हा करायचं तर

सोडून जाणाऱ्या मुलीला पहिल्याच गैरहजेरीला फोन करावा, पाचव्या आठवड्याची वाट बघू नये. प्रश्न 'का येत नाहीस' असा न करता 'शेवटच्या दिवशी तू काय करत होतीस' असा करावा. पहिल्याला सबब मिळते, दुसऱ्याला प्रसंग मिळतो.

माझी दुसरी तक्रार आम्हा दोघींवर आहे. नियम, भिंती, गटवारी, कामाची निवड, सगळं एकाच तुकडीत बदललं. त्यामुळे आठ आठवड्यांच्या वेगळ्या वर्गाचा खरंच उपयोग झाला की नुसत्या 'हात मागे'नं भागलं असतं, याचं उत्तर आमच्या हजेरीपटातून निघत नाही. ताई म्हणते, मुली गळत असताना एकेक बदल करत बसायला आपण काही प्रयोगशाळा नव्हतो. या मुद्द्यावर आमचं अजून जुळलेलं नाही.

तिसरी गोष्ट वर्ग चालवण्याची. सगळं ताईच्या डोक्यात होतं. दीड वर्षानं तिची नोकरी बदलली, कामाच्या वेळा बदलल्या, आणि दोन आठवडे वर्ग भरलाच नाही, कारण पुढचा धडा कुठला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या तुकडीतल्या दोन मुली, त्यातली एक चोरघंटावाली, ताईकडे जाऊन बसल्या आणि तीन बैठकांत सगळं वहीत उतरवून घेतलं. हे पहिल्या महिन्यातच व्हायला हवं होतं.

आता वर्ग त्या दोघी घेतात. ताई महिन्यातून एकदा जाते, मी कधीमधी. मागच्या वेळी गेले तर 'हात मागे' नियम दिसला नाही. विचारलं तेव्हा कळलं, लहान मुलांना ती शिक्षा वाटायची, म्हणून काढून टाकला. त्याऐवजी मदत करणाऱ्याच्या हातात पेन्सिल आणि कागद देतात: काय सांगायचंय ते काढून दाखव. पेन्सिल धरलेला हात कीबोर्डकडे जात नाही. कागद फार लागतो, एवढीच त्यांची तक्रार आहे.